तांत्रिक प्रकल्पांची पोर्टफोलिओ साइट: बांधणीपासून देखभालीपर्यंतच्या नोंदी

साइटवर ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि पायथनचे प्रकल्प, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. पाहणारा माणूस बहुधा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, साध्या अँड्रॉइड फोनवर येणार हे धरून सगळे निर्णय. डोमेन सोडून खर्च शून्य ठेवायचा.

५ जानेवारी २०२५: पहिली आवृत्ती

हाताने लिहिलेली एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस फाइल, तीन प्रकल्प. रिॲक्ट वगैरे जावास्क्रिप्टची तयार चौकट मुद्दाम घेतली नाही. थोडा मजकूर आणि दोन-चार फोटो दाखवायला शेकडो पॅकेजेस (इतरांनी लिहिलेले कोडचे संच) लागणार असतील, तर वर्षभराने एक ओळ बदलताना आधी जुनी पॅकेजेस जुळवत बसावं लागतं. पोर्टफोलिओला महिनोन्महिने हात लागत नाही, त्यामुळे हा धोका इथे जास्त.

होस्टिंग गिटहब पेजेसवर. सार्वजनिक रेपोला (गिटने सांभाळलेला प्रकल्पाचा फोल्डर) ते मोफत आहे. साइटचा आकार १ जीबीच्या आत हवा आणि महिन्याला १०० जीबी डेटाची सौम्य मर्यादा आहे. अशा साइटला दोन्ही भरपूर. रेपोचं नाव 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ' असंच द्यावं. दुसरं नाव दिलं की ते पत्त्याच्या शेवटी जोडलं जातं आणि कोडमधले तिरक्या रेघेने सुरू होणारे सगळे पाथ चुकतात. सीएसएस सापडत नाही, पान उघडंबोडकं दिसतं.

घरच्या विंडोज मशीनवर सगळे फोटो दिसत होते, साइटवर निम्मे गायब. कॅमेऱ्याने फाइलच्या शेवटी 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं, कोडमध्ये ते स्मॉल होतं. विंडोज हा फरक मानत नाही, गिटहबचा सर्व्हर मानतो. नुसतं नाव बदलूनही भागलं नाही, कारण विंडोजवर गिटला फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा बदल दिसतच नाही. 'गिट एमव्ही'ने आधी वेगळंच नाव द्यायचं, मग हवं ते. आता नियम एकच: फाइलची नावं सगळी स्मॉल अक्षरांत, मधे हायफन, स्पेस नाही.

११ जानेवारी: डोमेन

डॉट-इन घेतलं. ₹५४९ आणि १८ टक्के जीएसटी, एकूण ₹६४७.८२. खरेदीच्या पानावर मोठ्या अक्षरांत असतो तो पहिल्या वर्षाचा दर. नूतनीकरणाचा दर शोधून आधी वाचावा, तोच पुढे दरवर्षी द्यायचा आहे. सोबत गळ्यात मारलेलं ईमेल आणि 'साइट बिल्डर' कार्टमधून काढलं.

डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यादी) मूळ डोमेनला चार ए-रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याच्या नोंदी: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी १०९, ११० व १११ घालून उरलेले तीन. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद), तो गिटहबच्या पत्त्याकडे. हे करूनही साइट कधी उघडे, कधी डोमेन विकणाऱ्याचं जाहिरातीचं पान येई, आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट अडून बसलं. खरेदीच्या वेळी आपोआप टाकलेला पार्किंगचा ए-रेकॉर्ड यादीत तसाच होता. पाचपैकी कोणता पत्ता मिळेल ते प्रत्येक वेळी वेगळं. तो काढला, टीटीएल (जुनी नोंद लक्षात ठेवण्याची मुदत) संपू दिला, गिटहबच्या सेटिंगमधून डोमेन काढून पुन्हा टाकलं. मग सर्टिफिकेट मिळालं. यात जवळजवळ एक दिवस गेला, आणि त्यातला बराचसा नुसता थांबण्यात. थांबायचं तेव्हा थांबावं. दर दहा मिनिटांनी रेकॉर्ड बदलत राहिलं की नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही.

गिटहबच्या खात्यात डोमेन टीएक्सटी रेकॉर्डने (डीएनएसमधली मजकुराची नोंद) पडताळून घेतलं. हे बहुतेक जण सोडून देतात. उद्या साइट काही कारणाने बंद केली आणि डीएनएस तसाच राहिला, तर दुसरं कोणीही ते डोमेन आपल्या रेपोला जोडू शकतं. पडताळणी असेल तर नाही.

१९ जानेवारी: प्रकल्पाचं पान कसं असावं

दिसण्याकडे आज लक्ष दिलं नाही, फक्त पानाचा साचा ठरवला. पोर्टफोलिओत कार्डांच्या रांगा असतात: चकचकीत चित्र, 'स्मार्ट वॉटर मॉनिटरिंग सिस्टीम' असं नाव, खाली वापरलेल्या तंत्रज्ञानाचे बिल्ले. त्यावरून काम चालतं का, कोणी केलं, कुठे अडलं, काहीच कळत नाही. काम जाणणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

ठरलेला क्रम असा. वस्तू काय करते ते एका वाक्यात. चालू अवस्थेतला एक खरा फोटो. स्थिती: चालू, बंद किंवा अर्धवट, आणि ती शेवटची कधी तपासली त्याची तारीख. मग सुटे भाग आणि त्यांच्या किमती, सर्किट, कोडची लिंक. त्यानंतर 'काय बिघडलं' हा भाग, तो सर्वांत मोठा.

पाण्याच्या टाकीची पातळी मोजणाऱ्या प्रकल्पाचं पान या साच्यात बसवून पाहिलं. आधीच्या मजकुरात 'अल्ट्रासॉनिक सेन्सरने पातळी मोजली जाते' एवढंच होतं. आता 'काय बिघडलं'मध्ये तीन गोष्टी आल्या. जेएसएन-एसआर०४टी सेन्सरला साधारण २० ते २५ सेंमीच्या आतलं अंतर मोजता येत नाही, त्यामुळे टाकी भरत आली की आकडे भरकटतात. सेन्सर भरलेल्या पातळीच्या किमान ३० सेंमी वर बसवावा लागतो. सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची एको पिनही (परतलेल्या ध्वनीची खूण देणारी) ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी). बॅटरीचा व्होल्टेज ईएसपी३२च्या जीपीआयओ २५ या पिनवर वाचायला घेतला, तर वायफाय सुरू होताच वाचन बंद पडतं, कारण ती पिन एडीसी२ची (व्होल्टेज मोजणाऱ्या दोन भागांपैकी वायफायसोबत न चालणारा) आहे. वायर जीपीआयओ ३४ वर हलवली. या तीन परिच्छेदांनी त्या प्रकल्पाला जे वजन आलं ते कुठल्याही डिझाइनने आलं नसतं. जुने प्रकल्प या साच्यात आणायला सगळ्यात जास्त वेळ लागतोय, कारण तेव्हाच्या नोंदी नाहीत; कमिटचे (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांचे) संदेश आणि खरेदीची बिलं चाळून माहिती गोळा करावी लागते.

१ फेब्रुवारी: फोटो

मुखपृष्ठाचं वजन ३८ एमबी. नऊ फोटो, फोनमधून जसेच्या तसे, प्रत्येकी ४ एमबीच्या आसपास. पडद्यावर ते ३६० पिक्सेल रुंदीत दिसत होते.

पहिला उपाय 'सीवेबपी' हे फोटो वेबपी या हलक्या स्वरूपात नेणारं साधन थेट चालवणं. फाइल लहान झाल्या, पण उभे काढलेले फोटो आडवे पडले. फोन चित्र फिरवून साठवत नाही, 'हे फिरवून दाखव' अशी खूण एक्झिफ माहितीत (फोटोसोबत फाइलमध्ये लपलेल्या नोंदींत) ठेवतो. सीवेबपी एक्झिफ टाकून देतं, त्याबरोबर खूणही जाते. म्हणून इमेजमॅजिक हे दुसरं साधन घेतलं आणि क्रम असा ठेवला: आधी 'ऑटो-ओरिएंट', मग रुंदी १६०० पिक्सेल, मग 'स्ट्रिप' (लपलेल्या नोंदी पुसणं), शेवटी ७८ दर्जाचं वेबपी. बहुतेक फोटो २०० केबीच्या आत आले. सर्किट बोर्डाच्या जवळून काढलेल्या फोटोंना दर्जा ८५ ठेवला, नाहीतर रेझिस्टरवरचे रंगपट्टे एकमेकांत मिसळतात.

'स्ट्रिप'चं खरं महत्त्व वजनात नाही. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असतात. टेबलावर काढलेला बोर्डाचा फोटो म्हणजे घरचा पत्ता. नवीन कमिटमध्ये फोटो बदलला तरी जुना गिटच्या इतिहासात राहतो, आणि सार्वजनिक रेपोत तो कोणालाही काढता येतो. 'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहासातून ते फोटो काढले आणि फोर्स पुश केलं, म्हणजे गिटहबवरचा इतिहास नव्याने लिहिला. असं करण्याआधी रेपोची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. शिवाय एक प्री-कमिट हुक (प्रत्येक कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) लावला: एक्झिफटूल जीपीएसची नोंद शोधतं, सापडली तर कमिट होऊ देत नाही.

प्रत्येक चित्राला एचटीएमएलमध्ये रुंदी-उंची लिहिली. ती नसली की चित्र उतरताना मजकूर खाली सरकतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच लिंकवर पडतं. खालच्या चित्रांना 'लेझी लोडिंग' (जवळ आल्यावरच उतरणं), पण पहिल्या चित्राला नाही. त्याला लावलं तर जे सर्वांत आधी दिसायला हवं तेच उशिरा येतं. मुखपृष्ठ आता ६४० केबी.

२३ फेब्रुवारी: ह्यूगोवर स्थलांतर

पानं वाढली तसं मेन्यूतला एक शब्द बदलायला प्रत्येक फाइल उघडावी लागू लागली. मजकुरातून साइट बनवणारं ह्यूगो निवडलं: एकच एक्झिक्युटेबल फाइल, मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या लिखाणात), बिल्ड (मजकुरातून पानं तयार होणं) क्षणात, कोडला रंग बिल्डच्याच वेळी लागतात, त्यासाठी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट नको.

तयार थीम घेऊन पाहिली. गिटहब ॲक्शन्समधून (गिटहबवर आपोआप चालणारी कामं) बिल्ड केल्यावर साइट कोरी. थीम गिट सबमॉड्यूल (रेपोत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून जोडलेली होती आणि वर्कफ्लोच्या (त्या आपोआप कामाच्या पायऱ्यांच्या फाइलच्या) चेकआउट पायरीत 'सबमॉड्यूल्स: ट्रू' नव्हतं, त्यामुळे थीमचा फोल्डर रिकामाच उतरत होता. ते सुटलं, पण शेवटी थीम काढूनच टाकली. तिच्यातल्या बऱ्याच फाइल न लागणाऱ्या सोयींच्या होत्या, आणि प्रकल्पाच्या पानाचा वरचा साचा बसवायला निम्मी थीम खोडावी लागत होती. स्वतःची चार टेम्प्लेट पुरली: पाया, मुखपृष्ठ, यादी, एक पान.

ह्यूगोबद्दल एक सावधगिरी. पानाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला मूळ फोटोही साइटसोबत प्रसिद्ध होतो, पानावर त्याची लहान प्रत वापरली असली तरी. म्हणजे ह्यूगो फोटो लहान करून देतं म्हणून वरचं 'स्ट्रिप' टाळता येत नाही. फोटो रेपोत येण्याआधीच साफ हवा.

१० मार्च: पान प्रसिद्धच होत नाही

सकाळी नवीन पान गिटहबवर पाठवलं (पुश केलं). वर्कफ्लो हिरवा, एकही त्रुटी नाही, साइटवर पान नाही. घरच्या मशीनवर दिसतंय. कॅश (साठवलेली जुनी प्रत) असेल म्हणून वाट पाहिली. गिटहब पेजेस फाइल १० मिनिटं कॅश करायला सांगतं, त्यापलीकडे थांबण्यात अर्थ नाही.

कारण तारखेत होतं. पानावर 'सकाळी ९' लिहिलेलं, पण टाइमझोन नाही. ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरतं, म्हणजे भारतात दुपारचे अडीच. तोवर ते पान 'भविष्यातलं', आणि ह्यूगो भविष्यातली पानं गुपचूप वगळतं. घरचा सर्व्हर मसुदे आणि भविष्यातली पानं दाखवण्याच्या पर्यायासह चालवला होता, म्हणून तिथे दिसत होतं. कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहिला, प्रश्न मिटला. प्रसिद्ध करण्यापूर्वीची शेवटची पाहणी आता ते पर्याय न लावता करायची.

२९ मार्च: मराठी मजकूर नीट दिसणं आणि सापडणं

इंग्रजीसाठी लिहिलेली सीएसएस मराठीला तशीच लावली की काय होतं ते आज एकेक करून निस्तरलं.

शीर्षकांना 'लेटर-स्पेसिंग' (अक्षरांमधली जादा जागा) होतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं लटकतं. मराठी पानांवर ते शून्य केलं. ओळींची उंची १.४ होती, खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडत होती, १.७ केली. कार्डाच्या शीर्षकावर 'ओव्हरफ्लो: हिडन' (चौकटीबाहेरचं लपवणं) होतं, त्याने रफार आणि मात्रा वरून कापल्या जात होत्या.

फाँट मुक्त परवान्याचा 'मुक्ता', मुंबईच्या एक टाइपने केलेला. सात वजनांपैकी ४०० आणि ७०० ही दोनच घेतली, वूफ२ या वेबच्या फाँट स्वरूपात, साइटच्याच सर्व्हरवर. फाइल लहान करायला फक्त देवनागरीचा भाग काढून घेतला: यूनिकोड ०९०० ते ०९७एफ. हा पट्टा पुरत नाही. रुपयाचं चिन्ह २०बी९ वर आहे, ते दुसऱ्याच फाँटमधून येऊन वेगळं दिसू लागलं. त्याहून मोठी अडचण २००सी आणि २००डी या न दिसणाऱ्या जोडचिन्हांची. 'दुसऱ्या', 'कॅमेऱ्या' यांतला अर्धा र काही कीबोर्ड २००डी वापरून लिहितात. पट्ट्यात ते नसेल तर काही ब्राउझरवर त्याचा रफार होतो आणि शब्द 'दुसर्या' असा दिसतो. शेवटी पट्टा असा: ०९०० ते ०९७एफ, २००सी-२००डी, २०बी९, २५सीसी (सुट्या मात्रेसोबत दिसणारं ठिपक्यांचं वर्तुळ).

एचटीएमएलच्या मुळात भाषा 'एमआर' लिहिली. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श यांची मराठी वळणं त्यानेच येतात, आणि स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचणारं साधन) मराठी आवाज निवडू शकतो. इंग्रजी पानांना 'ईएन'.

यात सर्वांत फसवा भाग शोधाचा निघाला. प्रकल्पांच्या यादीवर नाव टाइप करून गाळण्याची छोटी सोय आहे. 'ॲप' शोधलं तर काही प्रकल्प येत, काही नाहीत. 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो: एकच अक्षर म्हणून, ०९७२, किंवा अ आणि चंद्र जोडून. डोळ्याला सारखेच, संगणकाला वेगळे. अर्ध्या र चंही तेच: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि २००डी. यूनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी रूपांतराने (एकाच अक्षराची रूपं एक करणारं) यातलं काहीच एक होत नाही. म्हणून बिल्डच्या आधी चालणारी एक पायथन स्क्रिप्ट लिहिली, ती सगळ्या मजकुरात एकच रूप ठेवते, आणि तेच दोन बदल शोधाच्या चौकटीत टाइप केलेल्या शब्दावरही होतात. दहा ओळींचं काम आहे, पण मराठी मजकूर असलेल्या कुठल्याही साइटला हे लागेलच.

१३ एप्रिल: व्हॉट्सॲपवर लिंक

पत्त्यात मराठी शब्द ठेवून पाहिले. ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतात. कॉपी करून पाठवले की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात, आणि 'पाण्याची टाकी' एवढ्यासाठी शंभरावर अक्षरांची माळ जाते. अशी लिंक पाहून माणूस उघडायला कचरतो. पत्ते रोमन लिपीत, छोटे केले; जुन्या पत्त्यांना ह्यूगोच्या 'एलियास'ने वळवलं.

लिंकखाली चित्र येत नव्हतं. ओपन ग्राफच्या (लिंकखाली काय दाखवायचं ते सांगणाऱ्या नोंदींतल्या) चित्राचा पत्ता अर्धा दिलेला होता, तो 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण हवा. चित्र १२०० बाय ६३०, जेपीईजी, ३०० केबीच्या आत. एसव्हीजी (रेषांच्या वर्णनातून बनणारं चित्र) चालत नाही. दुरुस्तीनंतरही व्हॉट्सॲप जुनंच दाखवत राहतं, म्हणून तपासताना पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवायचं.

४ मे: बिल्ड हिरवा, पानं गायब

एप्रिलमधल्या ०.१४६ आवृत्तीपासून ह्यूगोची टेम्प्लेट फोल्डरांची रचना बदलली. घरच्या मशीनवर नवीन आवृत्ती आली, टेम्प्लेट नव्या जागी हलवली, सगळं चाललं. वर्कफ्लोत मात्र जुनी आवृत्ती लिहिलेली होती. तिला प्रकल्पाच्या पानाचं टेम्प्लेट सापडेना, तिने फक्त वॉर्निंग दिली आणि पानं न बनवताच बिल्ड यशस्वी ठरवला. साइटवर प्रत्येक प्रकल्प ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

दोन बदल केले. आवृत्तीचा आकडा रेपोतल्या एकाच फाइलमध्ये, वर्कफ्लो तिथूनच वाचतो, घरीही तीच आवृत्ती. आणि बिल्डला 'पॅनिक-ऑन-वॉर्निंग' पर्याय, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड लाल. तुटकी साइट प्रसिद्ध होण्यापेक्षा जुनी साइट तशीच राहिलेली बरी.

२२ जून: व्हिडिओ आणि सर्किटच्या आकृत्या

रोबोटिक हाताचं चलन दाखवणारं जिफ १४ एमबीचं होतं आणि रंग २५६च. त्याचा एफएफएमपेग या साधनाने एच.२६४ एमपी४ व्हिडिओ केला, १ एमबीच्या आत बसला. पिक्सेल स्वरूप 'वाययूव्ही४२०पी' सांगावं लागतं, नाहीतर काही फोनवर काळी चौकट दिसते; 'फास्टस्टार्ट' दिलं की पूर्ण उतरण्याआधी सुरू होतो. आयफोनवर आपोआप चालायला 'म्यूटेड' (आवाज बंद) आणि 'प्लेज-इनलाइन' (पानातच चालणं) दोन्ही हवेत. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याचं सेटिंग केलंय त्यांच्यासाठी आपोआप चालणं बंद.

कायकॅड या सर्किट आखण्याच्या साधनातून काढलेल्या एसव्हीजी आकृत्या डार्क मोडमध्ये दिसेनात: पारदर्शक पार्श्वभूमी, काळ्या रेषा, मागे काळं पान. रंग उलटे करून पाहिले, पण मग आकृतीतल्या लाल-हिरव्या खुणांचा अर्थच बदलतो. आकृतीमागे पांढरी पाटी आणि भोवती १२ पिक्सेल जागा, एवढं पुरलं. एसव्हीजीओ या साधनाने फाइलचा आकार कमी करताना त्याच्या जुन्या आवृत्तीने 'व्ह्यूबॉक्स' (आकृतीची चौकट सांगणारी नोंद) काढून टाकला आणि आकृती फोनवर लहान होईना, उजवीकडून कापली जाऊ लागली. कॉन्फिगमध्ये ते काढणं बंद केलं.

७ सप्टेंबर: छाटणी

लिंक तपासायला 'लिची' हे साधन वर्कफ्लोत लावलं, आठवड्यातून एकदा. लिंक्डइन अशा तपासणीला ९९९ हा नकाराचा कोड देतं, ती लिंक खरी असूनही तुटकी ठरते, म्हणून वगळली. सुट्या भागांच्या दुकानांच्या लिंक भराभर मरतात. त्या काढून भागाचा नेमका मॉडेल क्रमांक आणि घेतलेल्या वेळची किंमत लिहिली. वाचणाऱ्याला शोधायला तेवढं पुरतं.

शिकवणीच्या व्हिडिओवरून जसेच्या तसे केलेले प्रकल्प मुखपृष्ठावरून उतरवले. पानं ठेवली आहेत, पण यादीत शेवटी. रेझ्युमेच्या पीडीएफमधून मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता काढला. सार्वजनिक फाइल शोधयंत्रांपर्यंत जाते आणि नंतर मागे घेता येत नाही.

४ जानेवारी २०२६: नूतनीकरण

डोमेनचं दुसरं वर्ष: ₹७९९ आणि जीएसटी, ₹९४२.८२. ऑटो-रिन्यू चालू होतं, पण खात्यातलं कार्ड मुदत संपलेलं, त्यामुळे पैसे आपोआप गेले नाहीत. सूचनेचा ईमेल पाहून हाताने भरले. दोन वर्षांचा एकूण खर्च ₹१,५९०.६४, सगळा डोमेनचा.

टाकीच्या पानावर 'शेवटची तपासणी' एक वर्ष जुनी झाली होती. सेन्सर पुन्हा जोडून पाहिला: वाचन बरोबर, पण सेन्सरच्या वायरच्या जोडावर गंज. जोड सोल्डर करून हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवली, फोटो आणि तारीख बदलली, 'काय बिघडलं'मध्ये चौथा परिच्छेद गेला. उरलेल्या प्रकल्पांपैकी दोन चालू होत नाहीत. त्यांची स्थिती आजच 'बंद' केली आहे. कारण सापडेल तसं त्या पानांवर लिहिलं जाईल.